बाळाचे स्नान आणि आईची झोप



पर्युषणात महावीर जन्मवाचनाच्या दिवशी आपण जो प्रसंग दरवर्षी ऐकतो, त्यातील एक बारीकसा तपशील गेले काही महिने माझ्या मनात घोळतो आहे. नवजात वर्धमानाला मेरू पर्वतावर नेले गेले, अभिषेकाचे कलश भरले गेले आणि ऐन वेळी इंद्राच्या मनात शंका आली, ‘एवढासा हा देह, इतके पाणी त्याला सोसेल काय?’ पुढे बाळाने पायाच्या अंगठ्याने मेरू हलवला आणि इंद्राची शंका फिटली, हे आपण जाणतोच. मला मात्र आता त्या शंकेचेच अधिक अगत्य वाटते. देवांचा राजा, मदतीला सारा देवलोक, आणि तरीही तान्ह्या बाळावर पाणी घालताना त्याचा हात थबकला. मग तुमच्या-आमच्या घरातील नव्या आईचा हात थरथरला, तर त्यात नवल कसले?

हे सुचण्याचे निमित्त घरचेच आहे. कासूला महामार्गालगत आमचे जुने घर आहे. पुढे किराणा दुकान, मागे राहती जागा. गेल्या श्रावणात या घरात नातू आला. सूनबाईंच्या मातोश्रींची प्रकृती बरी नसल्याने बाळंतपण आमच्याकडेच झाले. बाळ घरी आल्यानंतर काही दिवसांनी एके सकाळी पाणी तापले होते, पंचे मांडून ठेवले होते आणि सूनबाई बाळाला छातीशी धरून न्हाणीच्या दारात उभी राहिली. ती आत जाईना. “मम्मी, आज राहू दे ना. माझ्या हातून निसटला तर?” एवढे बोलून ती रडू लागली.

आमच्या सौभाग्यवतींनी बाळ आपल्याकडे घेतले आणि म्हणाल्या, “अगं, मलाही हेच वाटत होते. महिनाभर वाटत होते. मी कोणाला बोलले नाही, एवढेच.”

मी ओटीवर वर्तमानपत्र वाचत होतो. माझा मुलगा आज अडतीस वर्षांचा आहे. त्याच्या जन्मानंतर महिनाभर त्याच्या आईला स्वतःच्या हातांची भीती वाटत होती, हे मला त्या सकाळी प्रथमच कळले. बँकेत असताना रोजच्या रोकडीचा मेळ लागल्याशिवाय मी कधी शाखा सोडली नाही. घरातली ही नोंद मात्र अडतीस वर्षे राहून गेली होती.

जानेवारीतील ती रात्र

सौ.च्या भीतीला कारण होते. १९८७ च्या जानेवारीत मुलाचा जन्म पेणच्या एका प्रसूतिगृहात झाला. वजन सव्वादोन किलोच्या आसपास, म्हणजे थोडे कमीच. दुसऱ्या दिवशी घरी आणले आणि त्याच संध्याकाळी ‘अंग स्वच्छ व्हायला हवे’ म्हणून न्हाऊ घालण्याचे ठरले. गावातील तीन पिढ्यांना न्हाऊ घातलेली अनुभवी बाई आली. तेलाचे मालीश अर्धा तास चालले. मग तिने पाय पसरून बाळाला नडगीवर घेतले, डाळीचे पीठ लावले आणि घंगाळातील पाणी तांब्यातांब्याने ओतले. न्हाणीचे दार मागच्या परसात उघडत होते आणि थंडीचा वारा आत येत होता. बाळ प्रथम खूप रडले. नंतर शांत झाले. ‘आता छान झोपेल,’ असे म्हणून आम्ही सारे समाधानाने जेवायला बसलो.

रात्री दहाच्या सुमारास सौ.च्या लक्षात आले की बाळ अंगावर पिण्यासाठी तोंड उघडत नाही. पाय गार पडले होते, पोटही गार लागत होते. ओळखीच्या एका व्यापाऱ्याच्या जीपमधून आम्ही पेण गाठले. डॉक्टरांनी बाळाचे थंड, ओलसर कपडे काढले, त्याला आईच्या उघड्या छातीवर ठेवले, वरून घोंगडी लपेटली आणि डोक्याला टोपडे बांधले. पहाटेपर्यंत बाळात ऊब आली आणि ते पिऊ लागले. तीन दिवस तेथेच राहावे लागले. त्या काळात मी मनातल्या मनात अनेकांना दोष दिला. आज मागे पाहताना कळते की न्हाऊ घालणाऱ्या बाईचा हात निष्णात होता, घरातील प्रत्येकाची माया खरी होती. पण नवजात बाळ थंड पडू शकते, ही साधी गोष्ट आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हती. मी पदव्युत्तर शिक्षण घेतलेला बँक अधिकारी, मलाही नव्हती.

बाळ इतक्या लवकर थंड का पडते?

आईच्या उदरातून बाळ ओल्या अंगाने एकदम बाहेरच्या हवेत येते. त्याच्या वजनाच्या मानाने त्वचेचा पृष्ठभाग मोठा असतो, डोके तर त्याहून मोठे. मोठ्या माणसासारखे कुडकुडून ऊब निर्माण करणे त्याला जमत नाही. शरीरात जन्मतः असलेली विशिष्ट चरबी आणि साखर जाळून ते ऊब टिकवते, आणि वजन कमी असेल तर ही पुंजीही कमी असते. ओल्या अंगावरून वारा गेला की पाणी उडून जाताना ऊब सोबत घेऊन जाते. ऊब गेली की बाळ मलूल होते, पिणे सोडते. पिणे सोडले की साखर उतरते आणि ऊब आणखी कमी होते. व्याजावर व्याज चढावे, तसे हे चक्र वाढत जाते.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना सांगते की, जन्मानंतर किमान २४ तास बाळाला आंघोळ घालू नये. रूढीमुळे ते शक्यच नसेल तर निदान सहा तास तरी थांबावे. अंग कोरडे पुसणे, आईच्या त्वचेला त्वचा लावून ठेवणे आणि पहिल्या तासात स्तनपान, ही पहिल्या दिवसाची कामे. बाळाच्या अंगावर जो पांढरा चिकट थर दिसतो, तो मळ नव्हे. तो त्वचेचे रक्षण करतो. घासून काढू नये. वजन कमी असेल किंवा बाळ दिवसांआधी जन्मले असेल, तर पहिली आंघोळ कधी, हे डॉक्टरांनाच विचारावे. तोवर कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कपड्याने मान, काखा आणि जांघा पुसणे पुरेसे असते. आपल्या घरांत सुतकाचा विचार केला जातो. तो आपल्या दर्शन-पूजेच्या नियमांचा भाग आहे; त्यासाठी पहिल्याच दिवशी बाळाला पाण्यात घालण्याचे कारण नाही.

गडचिरोलीचा धडा

इतक्या साध्या काळजीने खरोखर काही फरक पडतो का, अशी शंका हिशेबी माणसाच्या मनात येणारच. त्याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत १९९५ पासून एक प्रयोग केला. रुग्णालय दूर, रस्ते नाहीत, बहुतेक बाळंतपणे घरीच. अशा ठिकाणी गावातीलच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवून तयार केले. त्या घरोघरी जात, बाळाचे वजन करीत, ताप पाहत, श्वास मोजत. बाळाला उबदार ठेवणे, स्तनपान नीट होते ना हे पाहणे आणि जंतुसंसर्ग वेळीच ओळखून उपचार करणे, ही त्यांची कामे.

प्रयोगाआधी तेथे जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी ६२ बाळे पहिल्या महिन्यातच दगावत होती. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी हा आकडा सुमारे २५ वर आला. जेथे हे काम नव्हते, अशा शेजारच्या गावांशी तुलना करता मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले होते. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे २०११ साली केंद्र शासनाने हीच पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारली.

आज आपल्या गावातील आशाताई रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. बाळंतपण घरी झाले असेल, तर पहिल्या दिवशीही. आपल्या व्यापारी कुटुंबांत मात्र एक संकोच दिसतो. “आमचे खाजगी डॉक्टर आहेत, आम्हांला गरज नाही,” असे सांगून त्यांना दुकानाच्या पायरीवरूनच परत पाठवले जाते. डॉक्टर आपल्या घरी येऊन बाळंतिणीची खोली पाहत नाहीत, आशाताई पाहतात. त्यांना आत बोलवावे, बसायला पाट द्यावा, बाळाचे वजन करू द्यावे आणि सुनेला त्यांच्याशी मोकळेपणी बोलू द्यावे.

आंघोळ घालताना

मी वैद्य नाही. नातवाच्या डॉक्टरांनी जे शिकवले आणि सौ.ने व मी मिळून जे रोज केले, तेच येथे लिहितो.

सर्व तयारी आधी करावी. मोठा पंचा, कोरडे दुपटे, लंगोट, झबले, टोपडे हाताच्या अंतरावर हवे. खिडकी-दारे लावून पंखा बंद करावा. बादलीत प्रथम थंड पाणी, मग त्यात गरम पाणी घालावे आणि चांगले ढवळावे. उलट क्रमाने चटका बसण्याचा धोका असतो. पाणी ३७ ते ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्या शरीराच्या उष्णतेइतकेच असावे. बोटांना उष्णतेची सवय झालेली असते, म्हणून कोपर बुडवून पाहावे. कोपराला ‘गरम’ वाटले तर ते बाळासाठी फार गरम आहे. आपल्याकडे पाणी गाळून, उकळून वापरण्याची शिस्त आहेच. उकळलेले पाणी पुरेसे निवले की नाही, तेवढे मात्र दोनदा पाहावे. बाळ हातात असताना बादलीत गरम पाण्याची भर घालू नये.

पायांवर घेऊन न्हाऊ घालण्याची आपली पद्धत वाईट नाही. दोन्ही हात मोकळे राहतात आणि बाळाला माणसाच्या अंगाचा आधार असतो. पण तेलाने निसरडे झालेले बाळ आणि ओली फरशी, यांचे भान हवे. एक हात सतत मानेखाली असावा. पालथे घेतल्यावर नाका-तोंडावरून पाण्याची धार जाऊ देऊ नये. आधी तोंड नुसत्या पाण्याने पुसावे, मग अंग, आणि डोके सर्वांत शेवटी. कारण डोके ओले राहिले तर ऊब झपाट्याने जाते. पाच ते दहा मिनिटांत सारे उरकावे. लगेच टिपून कोरडे करावे, कपडे घालावे आणि आईच्या कुशीत द्यावे. दाराची घंटा वाजो, दुकानातून हाक येवो, फोन वाजो, बाळाला क्षणभरही एकटे सोडू नये. नाळ गळून पडेपर्यंत ती कोरडी ठेवावी. तिच्यावर हळद, तेल, राख काहीही लावू नये. रोज आंघोळ घातलीच पाहिजे, असेही नाही. थंडी-पावसाच्या दिवसांत आठवड्यातून दोन-तीन वेळा आणि एरवी अंग पुसणे, हे पुरेसे आहे.

जुन्या रीतींपैकी काय ठेवावे आणि काय सोडावे? हलक्या हाताचे मालीश ठेवावे. ते बाळाला सुखावते आणि आई-बाळाची ओळख वाढवते. डाळीचे पीठ घासणे सोडावे, कोवळ्या त्वचेवर ते खरखरीत लागते. नाका-कानांत तेल घालणे, टाळू दाबणे, नाक ओढून सरळ करणे, बाळाची छाती पिळणे, उलटे धरून झुलवणे, डोळ्यांत काजळ घालणे, हे सारे पूर्णपणे थांबवावे. ऊद-वेखंडाची धुरी बाळाच्या इवल्या फुफ्फुसांना त्रासदायक असते. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणे किंवा बंद न्हाणीत गॅसचा गीझर चालू ठेवणे तर जिवावर बेतणारे आहे. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. मध आपल्याकडे वर्ज्यच आहे, त्यामुळे बाळाला मध चाटवण्याचा धोका आपल्या घरांत आपोआप टळतो. गुटी, साखरपाणी यांनाही पहिले सहा महिने जागा नाही. आईचे दूध पुरे.

आपल्या परंपरेत या साऱ्यासाठी एकच शब्द आहे: जयणा. चालताना, बसताना, वस्तू ठेवताना-उचलताना लक्षपूर्वक वागणे. अहिंसेचा हा पहिला धडा बाळाच्या न्हाणीत गिरवायला काय हरकत आहे?

काळजी कशाची करावी, कशाची नाही

नव्या आई-वडिलांना प्रत्येक शिंकेची भीती वाटते. शिंका, उचक्या, त्वचेची सालपटे, पाण्याचा स्पर्श होताच दोन्ही हात फेकून दचकणे, पाठीवरचा निळसर डाग, हे सर्व बहुधा स्वाभाविक असते. मुलीच्या अंगावरून पहिल्या आठवड्यात थोडेसे रक्त जाणे किंवा बाळाची छाती किंचित सुजणे, हा आईच्या संप्रेरकांचा परिणाम. तो आपोआप ओसरतो. पहिल्या काही दिवसांत वजन दहा टक्क्यांपर्यंत उतरते आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येते. पहिला आठवडा सरताना दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे.

मात्र पुढील गोष्टींत एक तासही घालवू नये. बाळ पिणे सोडते, अंग तापते किंवा पोट गार लागते, मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास चालतात, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, झटके येतात, हलवल्याशिवाय हालचाल करीत नाही, हाता-पायांचे तळवे पिवळे दिसतात, नाळेभोवती लाली किंवा पू दिसतो. रात्र असो, पाऊस असो, दुकानात गर्दी असो, तत्काळ रुग्णालय गाठावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे. वाटेत बाळाला आईच्या किंवा वडिलांच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून, वरून पांघरूण घेऊन न्यावे. १९८७ च्या त्या रात्री एवढे जरी ठाऊक असते, तरी जीपमधला तो तास आमच्या बाळाने गारठ्यात काढला नसता.

आणि आईचे काय?

त्या सकाळी सूनबाई रडली, तेव्हा माझ्या ओठांवर आलेले वाक्य होते, ‘एवढ्याशा गोष्टीला काय रडायचे?’ सौ.च्या बोलण्याने ते तेथेच अडले, हे माझे भाग्य.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून अनेक स्त्रियांना उगाच रडू येते, चिडचिड होते, आपण चांगली आई नाही असे वाटते. शरीरातील संप्रेरकांची उलथापालथ, वेदना आणि तुटलेली झोप ही त्यामागील कारणे. बहुतेकींचे हे दोन आठवड्यांत निवळते. त्याहून अधिक काळ उदासी राहिली, बाळाबद्दल काहीच वाटेनासे झाले, बाळ झोपलेले असतानाही झोप येईना, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार मनात येत असतील, तर तिला एकटी न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र शासनाच्या ‘टेलि-मानस’ या विनामूल्य सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तेथे मराठीतही बोलता येते. ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने आपल्या घरांत ही गोष्ट दडवली जाते. बुडीत कर्ज लपवल्याने बुडायचे थांबत नाही, हे व्यापाऱ्याला मी काय सांगावे?

आम्ही घरात त्याच दिवशी कामे वाटून घेतली. सकाळची आंघोळ सौ. आणि मुलगा मिळून घालू लागले. दुकान अर्धा तास उशिरा उघडू लागले. गिऱ्हाईक कोठे गेले नाही. पहिल्या दिवशी मुलाचाही हात थरथरला. आठवडाभराने तो गुणगुणत पाणी घालू लागला. पहाटे पाचच्या दूध पिण्यानंतर बाळ माझ्या स्वाधीन असे. मी नवकार म्हणत ओटीवर फेऱ्या मारी, समोरून रोह्याकडे जाणारी गाडी शिट्टी देई, आणि सूनबाई सलग तीन तास झोपे. पंधरवड्यानंतर एके दिवशी ती आपणहून म्हणाली, “आज मी घालते.” न्हाणीच्या दाराशी आम्ही सारेच उभे होतो. ती हसून म्हणाली, “पप्पा, दार लावून घ्या, वारा येतोय.”

त्या जन्माभिषेकाच्या कथेत आणखी एक तपशील आहे. बाळाला मेरूवर नेण्यापूर्वी इंद्र त्रिशलामातेला गाढ निद्रा देतो. बाळाचे स्नान इतर सारे मिळून करतात आणि तेवढा वेळ माता झोपते. ही कथा मी साठहून अधिक पर्युषणांत ऐकली असेन. तिच्यातील आईच्या झोपेकडे माझे लक्ष यंदा प्रथमच गेले.

आपल्या घरी पाळणा हलणार असेल, तर बाळंतविड्याच्या यादीत दुपटी-टोपडी लिहिताना एक ओळ अधिक लिहावी: पहिले चाळीस दिवस आईला रोज सलग तीन तास झोप कोण देणार, त्याचे नाव. ते नाव सासऱ्याचे असले तरी चालते. मी अनुभवाने सांगतो.